आमची ऑस्ट्रियाची पणजी

आमच्या घराण्याच्या देवघरात ऑस्ट्रियाची एक महाराणी बसलेली आहे. तिला रोज हळदीकुंकू, शुक्रवारी दूधसाखर आणि सणावाराला पुरणपोळी असते. यात तिची काही चूक नाही. चूक माझी आहे, असं आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. (आमच्या घरात एकमत व्हायची ही पहिलीच वेळ, आणि तेही माझ्याविरुद्ध!)

मला जुनी नाणी जमवायचा नाद आहे. 'नाद' हा शब्द आमच्या हिचा, म्हणजे सुमनचा. मी 'संग्रह' म्हणतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर देवळाच्या कट्ट्यावर बसून राजकारण करतात, मी भिंग घेऊन टेबलाशी बसतो. कुणाचं काही वाकडं करत नाही. तरी माझ्यावर ही वेळ यावी?

सगळं घडलं एका थालरपायी. थालर म्हणजे आपल्या चांदीच्या रुपयापेक्षा चांगलं मोठं, जाडजूड चांदीचं नाणं. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेली, अंगानं भरलेली ऑस्ट्रियाची महाराणी आणि दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. अरबस्तानातल्या व्यापाऱ्यांना हेच नाणं लागायचं, दुसऱ्याला ते हात लावायचे नाहीत. म्हणून महाराणी वारली तरी टाकसाळी थांबल्या नाहीत. पुढं कुठल्या कुठल्या देशांनी ते पाडलं, अगदी आपल्या मुंबईच्या टाकसाळीतसुद्धा! आणि लबाडी अशी की प्रत्येकावर साल एकच, १७८०. (मी एका जरी पोराच्या दाखल्यावर मागचं साल टाकलं असतं, तर माझी बदली थेट गडचिरोलीला झाली असती!)

मग अस्सल कोणतं आणि मागाहून पाडलेलं कोणतं? तर राणीच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती मोजायचे, गरुडाच्या शेपटीची पिसं मोजायची, आणि त्यावरून ठरवायचं. सगळा खेळ त्या मोत्यांचा आणि पिसांचा.

केजच्या बसस्टँडजवळ सलीमभाई चाऊसचा फळांचा गाडा आहे. त्याचे पूर्वज अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आले. त्याच्या घरी असा एक थालर आहे, हे मला कळल्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी त्याच्याकडून दर बुधवारी पपई घेतली. मला पपई आवडत नाही! हिला तर वासही सहन होत नाही. पण संग्राहकाला त्याग करावा लागतो. शेवटी सलीमभाईला लेकीच्या दागिन्यात ओवायला निजामाचे चारमिनारवाले रुपये हवे होते, आणि ते माझ्याकडे होते. अदलाबदल ठरली.

इकडं संभाजीनगरच्या शहागडकर साहेबांना मी कळवून टाकलं. शहागडकर म्हणजे नाण्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द. ते म्हणाले, "पुतण्याच्या लग्नाला बोलावता आहात ना? येतो. नाणंही बघतो. अस्सल निघालं तर आपल्या प्रदर्शनात मधल्या टेबलावर तुमच्या नावानं मांडू." मधलं टेबल! पंधरा वर्षं मी त्या प्रदर्शनात दारापाशी, चपलांच्या शेजारी बसतो. मी लगेच संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिलं, 'अस्सल थालर, लवकरच'.

आता लग्न पुतण्याचं, म्हणजे थोरल्या दादाच्या पोराचं. दादा युसूफ वडगावला शेती करतो, आणि देव थोरल्याच्या घरी म्हणून आमचे टाक तिथंच. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरचे देव आणि पूर्वज. आमचे पाच आहेत. घरात लग्न निघालं की देव सोनाराकडे नेऊन उजळून आणायचे ही रीत. ते काम माझ्यावर आलं.

"भाऊजी, तुमी शिकलेले हाव," वहिनीनं लाल फडक्यात देव बांधून माझ्या हातात दिले. "नीट न्या. पाच हायेत. पाचच आणा."

हे वाक्य लक्षात ठेवा. नंतर कुणाच्याही लक्षात राहिलं नाही!

केजला बसमधून उतरलो तर सलीमभाईनं हाक मारली. "क्या गुर्जी! आणलंय बघा!" आणि माझ्या तळहातावर तो थालर ठेवला. काळपट, गंभीर, जड. माझे डोळे भरून आले. आता ठेवायचा कुठं? पँटीचा खिसा फाटलेला. (तीन महिने हिला सांगत होतो! "शिवते म्हणलं ना!" हे उत्तर तीन महिने ऐकत होतो.) मग मला एक युक्ती सुचली. देवाच्या पुडक्यात कोण हात घालतंय? मी लाल फडकं सोडलं, राणीला देवांच्या मध्ये ठेवलं आणि पक्की गाठ मारली.

पुढचं सांगताना आजही कानशिलं तापतात. मी तात्या सोनाराच्या दुकानाची पायरी चढलो आणि तेवढ्यात शहागडकरांचा फोन आला.

"मिळालं का?"

"मिळालं साहेब!" मी म्हणालो, आणि एका हातानं पुडकं तात्याकडे सरकवलं. "आता जिवापाड जपतो बघा!"

"साफ करू नका हं. त्याचा जुना रंग म्हणजेच त्याचं सगळं. चुकूनसुद्धा घासायचं नाही."

"छे छे! घासणाऱ्याचे हात तोडीन साहेब!" असं म्हणून मी फोनवर हात ठेवला आणि तात्याला बजावलं, "तात्या, लख्ख झाले पाहिजेत! एक डाग जरी राहिला तर माझ्याशी गाठ हाय!"

आणि मी शीळ घालत घरी गेलो.

जेवायला बसलो तेव्हा घास हातात राहिला. खिसा बघितला, पिशवी उलटी केली, पपईसुद्धा कापून बघितली.

"पपईत काय शोधताव?" ही म्हणाली.

"तू बोलू नकोस! तुझ्या सुईदोऱ्यामुळं हे झालंय!"

"देवाची चांदी न्हेलती ती पोचली का सोनाराकडं?" तिनं विचारलं, आणि मला सगळं आठवलं. ताट तसंच टाकून मी पळालो.

तात्या शांतपणे चहा पीत होता. "देव? तासाभरापूर्वीच दादा घेऊन गेले की. राहिल्या बाजाराला आलते."

"सगळे?"

"सगळे. सहाच्या सहा. पाच तर पटकन झाले. पर ती एक बाई हाय ना, पदरवाली? लई मळ होता गुर्जी. चिंचेनं न्हाई गेला, रिठ्यानं न्हाई गेला. मग मशीनच्या चाकावर धरली अर्धा तास. तुमी म्हणलाव ना, डाग राहिला तर गाठ हाय?"

अर्धा तास! इतक्या वर्षांचा रंग! मी त्याच्या दुकानातच खाली बसलो. त्यानं मला उरलेला चहा दिला. तो मी प्यायलो, कारण भांडायला सुद्धा अंगात ताकद लागते.

हिला घेऊन, जीप करून वडगाव गाठलं. मांडवाला आंब्याचे डहाळे लागलेले, आत बायकांची गर्दी. देवघरात पाच देव ओळीत आणि मधोमध, चौरंगावर, आरशासारखी चमकणारी माझी राणी! कपाळभर कुंकू. पुढं दहीभात.

"दादा! ही कोण म्हणून बसवलीय?"

दादानं हात जोडले. "ओळखलं न्हाईस? आरं, थोरली पणजी! पणजोबाची पहिली बायको. तिचा टाक रझाकाराच्या पळापळीत हरवलता, आजा शेवटपर्यंत त्याच्या नावानं रडला. आज पुडकं सोडलं, तर बघ, बसलीया मधी! घरच्या लग्नाला आपल्या पायानं आली!"

"दादा, ही पणजी न्हाई! ही ऑस्ट्रियाची महाराणी हाय!"

"पणजी महाराणीवानीच होती म्हणं," वहिनी म्हणाली.

"वहिनी, कुंकू कावून लावलंय? ती विधवा होती! हा पदर त्याचाच हाय!"

वहिनीनं हातातली कुंकवाची कोयरी खाली आदळली. "भाऊजी! शुभकार्याच्या घरात काय बोलताव? आमची पणजी सवाष्ण गेली! तोंड आवरा!"

मला राहवेना. मी शिकलेला माणूस. मला वाटलं, माहिती दिली की लोकांना पटतं. (छत्तीस वर्षं शिकवूनही हा गैरसमज गेला नाही.) "अहो, तिला सोळा लेकरं होती!"

"सोळा!" सगळ्या बायकांनी एकदम हात जोडले. "मंग तर लक्ष्मीच हाय! नवरीला आधी हिच्याच पाया पडू द्या."

"नाण्याच्या कडेवर परक्या भाषेत लिहिलंय! न्याय आणि दया!"

"मग? देवी असतीच न्यायाची आन दयेची," दादा म्हणाला.

"आणि मागं दोन डोक्यांचा गरुड हाय!"

दादानं डोळे मिटले. "वाहन हाय तिचं."

मी हात पुढं केला. वहिनी मध्ये उभी राहिली. "देवक बसलंय. आता उठेस्तोवर एकही देव हलणार न्हाई."

"तुम्ही पाच पाठवले होते! पाचच आणा म्हणाला होतात!"

"म्हणलं आसंल," वहिनी म्हणाली. "देवाला कुणी मोजतं का?"

मी सुमनकडं आशेनं बघितलं. ती माझी बायको, माझ्या बाजूनं बोलेल की नाही? तिनं पदर खोचला, पुढं झाली आणि राणीला एक फूल वाहिलं. "जाऊबाई," ती म्हणाली, "किती ठसठशीत तोंड हाय नं?" असा संताप आला म्हणून सांगू!

लग्नाच्या दिवशी शहागडकर साहेब आले. पांढरा सफारी, खिशात भिंग. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. मी म्हणालो, "साहेब, रंग गेला असेल, पण मोती तर असतीलच ना? अस्सल की मागाहूनचं, एवढं सांगा. मधलं टेबल नको, पण मला कळू दे!"

वहिनीनं अटी घातल्या. पाय धुवायचे, डोक्याला टोपी, आणि शिवायचं नाही. बिचारे साहेब उपरण्याची टोपी करून चौरंगापुढं पालथे झाले. भिंगातून बघत राहिले. मांडवात कुजबुज सुरू झाली, "संभाजीनगरहून आलेत दर्शनाला. किती बारकाईनं बघतेत!" पाठीमागं हळूहळू रांग लागली!

"वहिनी, एकदा उलटी करता?" साहेबांनी हात जोडून विचारलं. वहिनीनं राणीची माफी मागितली आणि तिला उलटी केली. साहेबांनी परत बघितलं. मग उठून बसले आणि घाम पुसला.

"बोला साहेब," मी म्हणालो.

"पिनेतले मोती गुळगुळीत झालेत. शेपटीची पिसं गेली. कडेवरची अक्षरंसुद्धा अर्धी गेली. तुमच्या सोनारानं काम फार मन लावून केलंय."

"पण अस्सल की नाही?"

"कुणालाच सांगता येणार नाही. सतराशे ऐंशीचं असेल. नंतरचं असेल. मुंबईला पाडलेलंही असेल. चाळीस वर्षांत असं एकही नाणं बघितलं नव्हतं, जे कुठलंच नाही." ते थांबले. चौरंगाकडं बघितलं, बायकांच्या रांगेकडं बघितलं. "आता ही फक्त तुमची पणजी आहे, गुरुजी. तीच ओळख शिल्लक आहे."

आणि जाताना त्यांनी वाकून नमस्कार केला! मी विचारलं, "साहेब, तुम्हीसुद्धा?" तर म्हणाले, "तुमच्या वहिनी बघत होत्या."

देवक उठलं, पाहुणे गेले. वहिनीनं स्वतः होऊन ती राणी माझ्यापुढं धरली. "न्यायची आसंल तर न्या भाऊजी. तुमचा जीव गुतलाय." मी बघितलं. दादा खांबाला टेकून डोळे पुसत बसला होता. माझ्या घरी नेऊन हिला करायचं काय? प्लास्टिकच्या पाकिटात घालायची, वर 'ओळख अनिश्चित' अशी चिठ्ठी लावायची, आणि परत चपलांच्या शेजारी बसायचं. मी राणी परत चौरंगावर ठेवली आणि रागारागानं म्हणालो, "राहू द्या! पण शुक्रवारी दूधसाखर चुकवू नका!"

माझा राग अजून गेलेला नाही. तात्या सोनारावर आहे, हिच्यावर आहे, त्या फाटक्या खिशावर आहे. खिसा तर अजूनही शिवलेला नाही!

मागच्या बुधवारी सलीमभाईनं परत हाक मारली. "गुर्जी, चाचाच्या पेटीत अजून एक निघालंय. ह्याला कुणी घासलं न्हाई, कसम से!" त्यानं मूठ उघडली. काळपट, गंभीर, जड. पिनेतले मोती नुसत्या डोळ्यांनीही दिसत होते. शेपटीची पिसं एकूण एक शाबूत असणार. मला फक्त भिंग काढायचं होतं.

सलीमभाई माझ्याकडं बघतच राहिला. "गुर्जी, चप्पल कावून काढली?"

खाली बघितलं तर मी भर बसस्टँडवर, पपईच्या गाड्यापुढं, अनवाणी उभा होतो. हात जोडलेले होते.