बाजलं आणि तीन चोर

तारांगणात निवेदन करणाऱ्या बाईंना दिवसातून चारदा तेच ते बोलावं लागे. "हे सप्तर्षी. हा क्रतू, हा पुलह, हा पुलस्त्य..." दिवे मालवले की निम्मे प्रेक्षक घोरायला लागत. बाईंना त्यांचा राग यायचा नाही, हेवा वाटायचा.

घरी त्यांची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. रात्री आईला झोप नसे, म्हणून बाईंनाही नसे. आई ऋषीबिषी काही मानत नव्हती. तिच्या लेखी चौकोनातले चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजल्याचे खूर, आणि मागचे तिघे चोर. म्हातारीचा डोळा कधी लागतो आणि बाजलं कधी पळवतो, म्हणून टपलेले.

काल संध्याकाळी बाई घरी आल्या त्या चपलांसकट खुर्चीत कोसळल्या. आईनं रोजच्यासारखं विचारलं, "चोर कुठवर आले गं?"

"आहेत तिथंच आहेत मेले. चारदा बघून आले."

आईची नजर लेकीच्या पायातल्या चपलांवर गेली.

"नेऊ देत एकदाचं बाजलं," ती म्हणाली. "तुला तरी झोप मिळेल."