मागाच्या ठेक्यावर हिब्रू
मोहाडीत कुणाच्या अंगणात सुताला खळ लागली की त्या वासानं पोरीची मुलाखत आठवते. इस्रायलात म्हाताऱ्यांच्या सेवेला तिला जायचं होतं. महिनाभर मी माग चालवायचो अन् त्या ठेक्यावर ती हिब्रू क्रियापदं घोकायची, मी जाते, तू जातेस, आम्ही जातो. चौथी शिकलेला मीही मागून म्हणायचो.

"बाबा, तुमी कायले पाठ करून राहिले?"

"तू अडकली तं?"

मुलाखतीचा फोन आला तेव्हा तिनंच माग बंद ठेवायला लावला. पलीकडच्या बाईंनी पहिलंच क्रियापद विचारलं अन् पोरगी अडकली. मी सांगितलं तर फोनवर ऐकू जाईल. शेवटी मागावर बसून पायानं पावडी दाबली. दोन-चार ठोके पडले अन् तिला शब्द फुटले. मागानं वाचवलं, असं ती तिकडून अजून सांगते. पाठ मलाही होतं, हे कोणी म्हणत नाही.