शीळफाट्यावर बंद पडणारी गाडी

वीस वर्षं जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार मी हौसेने घेतली आणि माझी झोप उडाली. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ती तापायची आणि बंद पडायची. माजिवड्याच्या मेकॅनिकने रेडिएटर बदलला, पंखा बदलला. तापणं थांबलं, बंद पडणं नाही. गॅरेजमध्ये नेली की मात्र लगेच सुरू. मी गाडीत बायकोशी धड बोलेनासा झालो.

एका दुपारी सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला आम्ही डोंबिवलीला निघालेलो, तर शीळफाट्यावर पुन्हा तेच. मी चिडून बॉनेट उघडायला उतरणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "थांब रे. चावी फिरव. फिरवल्यावर मागून घर्र आवाज येतो ना, तो आत्ता येत नाहीये."

टाकीतून पेट्रोल ओढणारा पंपच गप्प होता. मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "डॅशबोर्डखालचा रिले बघा, पंपाला करंट तोच देतो."

रिलेला हात लावला तर चटकाच बसला. बायकोने तो काढून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी नवा रिले बसवला. आता गाडी बंद पडत नाही. तरी बायकोने गाणी लावली की सिग्नलला मी गाणी हळूच बंद करतो आणि मागची घर्र ऐकून घेतो.