दादाच्या नावावरचं चलान

मेलेल्या माणसालाही चलान येतं.

माझ्या दादाला आलं. विना हेल्मेट.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. सकाळी समाधीवर विभूती लावून, बेल वाहून आलो. घरात सगळे गप्प आहेत. मला गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादा नांदेडात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. दिवसभर गाडीवर. लग्नासाठी स्थळं बघणं चालू होतं.

हेल्मेट होतं त्याच्याकडे. भाऊबीजेला मीच घेऊन दिलेलं, चांगल्या कंपनीचं. ते कायम त्याच्या कोपराला अडकवलेलं असायचं. पुढं पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस मागं पडला की परत कोपराला.

मी चिडायचे. तो हसायचा.

"इथल्या इथं तर जायलोय गं."

त्या दिवशीही तो इथल्या इथंच गेला होता. मार फक्त डोक्याला लागला. दवाखान्यात त्याच्या कपड्यांसोबत हेल्मेट आमच्या हातात दिलं. कोरं करकरीत. एक ओरखडा नाही. त्या हेल्मेटचा मला इतका राग आला की ते फेकून द्यावंसं वाटलं. आईनं देवघराशेजारच्या खुंटीला लावलं.

गाडीलाही फार काही झालं नव्हतं. ती अंगणात उभी असायची. आमचे वडील, अप्पा, बाहेर यायचे, गाडी बघायचे आणि चहा न पिता आत जायचे. शेवटी त्यांनी ती नायगावच्या एका माणसाला देऊन टाकली.

आपल्याकडं करतात तसाच व्यवहार. बॉण्डवर लिहिलं, सह्या केल्या, चहा झाला, किल्ली दिली. गाडी नावावर करायचं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी आरटीओत जाऊन "मालक वारला" म्हणायची ताकद अप्पांत तेव्हा नव्हती.

दादाचा नंबर मात्र आईनं बंद पडू दिला नाही. दर वेळी आठवणीनं रिचार्ज करते.

त्याच फोनवर पावसाळा सरता सरता मेसेज आला. दादाचं पूर्ण नाव, गाडीचा नंबर, विना हेल्मेट.

अप्पा पेटलेच. नायगाववाल्याला फोनवर नको नको ते बोलले आणि तसेच ट्रॅफिकच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, ऑनलाइन तक्रार टाका, मृत्यूचा दाखला जोडा, गाडी कुणाला विकली ते लिहा. आणि आधी नाव बदलून घ्या. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

तक्रार भरायला मी लातूरहून आले. दाखल्याचा फोटो काढून अपलोड करत होते, तेवढ्यात आई शेजारी येऊन बसली. चलानसोबत कॅमेऱ्यातला फोटो येतो, हे तिला अप्पांकडून कळलं होतं. तो तिला बघायचा होता.

गाडी तीच. सीटला आईनं शिवलेलं कव्हर अजून तसंच. चालवणारा दुसरा कुणीतरी, पुढं टाकीवर त्याची छोटी पोरगी. मला वाटलं, आई गाडी बघून रडेल. तिनं बोटांनी फोटो मोठा केला आणि त्या माणसाच्या डोक्यापाशी थांबली.

"ह्यो बी तसाच," ती म्हणाली.

उठली, खुंटीवरचं हेल्मेट काढलं, पदरानं पुसलं. तक्रार अर्धीच राहिली. आम्ही दोघी नायगावच्या बसमध्ये बसलो.

त्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. आम्हाला बघताच त्यानं खिशात हात घातला. चलान आजच भरतो, काकू, चूक झाली, असं बोलत सुटला. आईनं हेल्मेट पुढं केलं.

तो मागं सरकला. दारात उभ्या त्याच्या बायकोनं पोरीला जवळ ओढलं. त्यांना तरी काय म्हणावं. मेलेल्या माणसाचं हेल्मेट कोण डोक्यावर घेईल?

"लांब कुठं जात न्हाई मी काकू," तो म्हणाला. "इथल्या इथंच असतंय."

मी आईकडं बघितलं.

"आमच्या पोराला बी इथल्या इथंच जायचं होतं," आई म्हणाली. "हे त्याच्या डोसक्यावर न्हवतं बाबा. म्हणून तर कोरं हाय."

मग त्यानं मान खाली घातली.

आईनं स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, हनुवटीखाली पट्टा लावला. दादाला हे तिला कधी करता आलं नाही. तो करू द्यायचा नाही.

चलान त्यानं त्याच दिवशी भरलं.

गाडी अजून दादाच्याच नावावर आहे. आधी वारस म्हणून आईच्या नावावर करायची, मग त्याच्या. अप्पांनी सगळे कागद तयार ठेवलेत, फक्त आईची सही राहिलीय. आज समाधीवरून आल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला. कायद्यानं अप्पांचं बरोबर आहे. मीही आईला तेच सांगितलं.

आईनं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"नाव काढलं की चलान त्याला जाईल. मग त्यानं घातलंय का न्हाई, मला कोण सांगल?"

अप्पांनी कागद गोळा करून कपाटात ठेवले.

दादा, तुझा फोन आईच्या उशाशी असतो. मेसेज वाजला की तिचा चेहरा उतरतो. रिचार्ज संपल्याचा असला की ती हात जोडते. आम्ही नायगावहून आल्यापासून तुझ्या नावावर एकही चलान आलेलं नाही. तो हेल्मेट घालतोय, असं आम्ही धरून चाललोय. तेवढ्यावर आईला झोप लागते.

तुझ्या वेळी आम्हाला कुणी मेसेज पाठवला नाही रे.

इथल्या इथं म्हणून निघालास. लई लांब गेलास दादा.