छापलेली पानं गेली कुठे?

घरी सोडलेल्या पेशंटचे कागद आमच्या रुग्णालयाच्या नोंदणी खोलीत ताई छापत. शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. पस्तिशीत त्यांची दृष्टी गेली, पण नोकरी त्यांनी सोडली नाही. लिनक्सच्या संगणकावर माउसला हात न लावता त्या कमांड टाइप करत आणि संगणकाचं उत्तर हेडफोनमधून ऐकत.

मी तेव्हा वॉर्डात नर्स होते. त्या सकाळी कागदांसाठी तिसऱ्यांदा खाली आले, तर खोलीबाहेर नातेवाइकांची ही गर्दी, आणि आत ताई उभ्याउभ्याच टाइप करत होत्या.

“कमांड घेतोय, कामाचा नंबर देतोय, पण कागद काही येत नाही,” त्या म्हणाल्या. प्रिंटर बंद-चालू करून झाला होता, वायरी चाचपून झाल्या होत्या.

तेवढ्यात हेडक्लार्क दारात आले. “ताई, मी म्हणत होतो ना, चौकशीच्या खिडकीवर बसा. तिथे ही कटकट नाही.”

ताई हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग छपाईच्या रांगेत किती कामं अडकलीत ते त्यांनी कमांड देऊन संगणकाला विचारलं. उत्तर आलं, एकही नाही.

“अडकलं नाही म्हणजे छापून झालंय,” त्या पुटपुटल्या. “पण कुठे?”

डिफॉल्ट प्रिंटर, म्हणजे वेगळं काही न सांगता कागद ज्याच्याकडे जातो तो, कोणता ते त्यांनी संगणकाला विचारलं. उत्तर ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. काल तंत्रज्ञाने तिसऱ्या मजल्यावरच्या भांडारात नवा प्रिंटर जोडला होता आणि जाताना तोच डिफॉल्ट करून ठेवला होता. मी भांडारात फोन लावला.

“येताहेत की सकाळपासून,” भांडारपाल निवांत म्हणाले. “एकच माणूस चारचार वेळा घरी चाललाय. म्हटलं, नेईल कुणीतरी.”

“लोकांच्या आजाराचे कागद आहेत ते. कपाटात ठेवायला सांग,” ताई मला म्हणाल्या. मग एका कमांडने त्यांनी आपला प्रिंटर पुन्हा डिफॉल्ट केला. तो घरघरला. पहिलं पान त्यांनी माझ्या हातात दिलं. “नाव वाच.”

मी वाचलं. गर्दीतून एक म्हातारबाबा पुढे आले.

हेडक्लार्क कधी निघून गेले कळलंच नाही. ताई खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी पुढचं पान माझ्यापुढे धरलं.

“उद्या ते पुन्हा खिडकीचं काढतील,” मी म्हटलं.

“काढू देत. मी ‘नाही’च म्हणणार. पुढचं नाव वाच.”