चारचौघींत न सांगितलेलं माप

कागदकाकू माप घेताना तोंडातून आकडा काढत नसत. बाजारातले टेलर टेप लावून "चाळीस, छत्तीस, बेचाळीस" असं अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुकारतात आणि बाई बिचारी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहते. काकूंकडे तसं नव्हतं. टेप फिरायचा, ओठ मिटलेले असायचे, पेन्सिल वहीत चालायची आणि माप संपायचं. एखादी स्वतःहून विचारायची, "काकू, मागच्यापेक्षा वाढले का हो मी?" तर काकू वर न बघता म्हणायच्या, "कापड आटलं असंल." परभणीत आमच्या स्टेशनामागच्या गल्लीत दोन पिढ्यांच्या बायकांचं कापड असं आटलेलं आहे.

अशा बाईचं नाव मी घालवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांचं कौतुक करणार आहे आणि ते वाचून मी कुणाला चांगली बाई वाटू नये.

काकू मूळच्या पेडगावच्या. नवरा ऑटो चालवायचा, मुलगी गंगाखेडला दिलेली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, शेजारी कापायची फळी आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कागदांच्या चळती. काकूंचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. सगळ्या कागदकाकूच म्हणत, कारण कागदाशिवाय त्यांनी कधी कापडाला कात्री लावली नाही. साधं पोलकं असलं तरी आधी जुन्या वर्तमानपत्रावर त्याचा फर्मा कापायच्या, तो त्या बाईच्या अंगाला लावून बघायच्या, टाचण्या मारायच्या, पुन्हा कापायच्या. माझी आई घाईची. ती कुरकुरायची की एवढ्या वेळात दुसरीकडे दोन ब्लाउज शिवून झाले असते. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "कागदाला कापलं तर दुखत न्हाई माय. कापडाला दुखतं."

त्या फर्म्यांवर कुणाचं नाव नसायचं. एकीच्या कागदावर मिरची काढलेली, दुसरीच्या कागदावर घंटा. कुठली खूण कुणाची हे फक्त काकूंना ठाऊक. आईची खूण वांगं आहे हे तिला एकदा चुकून कळलं, तेव्हा ती दोन दिवस फुगून बसली होती.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी इथल्याच कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. करत होते आणि जानेवारीत दिल्लीला मुलाखतीचं बोलावणं आलं. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली असली तरी दिल्लीच्या थंडीपुढे तिचं काय चालणार? अस्तर लावलेलं लोकरी जाकीट हवं होतं. तयार जाकिटं मी चार दुकानांत घालून बघितली. प्रत्येकाची एक बाजू लोंबायची, गळा तिरका बसायचा. हल्ली कंपन्या कसलाही माल विकतात, असं मी आईला ठासून सांगितलं. मग पुण्याच्या मावसबहिणीनं इंटरनेटवरून एका परदेशी जाकिटाचा फर्मा शोधून पाठवला. झेरॉक्सवाल्याकडे त्याची एकोणीस पानं छापून घेतली, चिकटवली आणि ती गुंडाळी मोठ्या ऐटीत काकूंपुढे ठेवली.

काकूंनी तो कागद फळीवर पसरला, हात फिरवला आणि "चांगला हाय" म्हणाल्या. माझं माप घेतलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. पाठीमागे उभ्या राहून टेप मानेपासून एका खांद्यापर्यंत, मग दुसऱ्या खांद्यापर्यंत, मग पुन्हा पहिल्या. नंतर कात्री घेऊन त्यांनी माझा तो छापील फर्मा उभा चिरला. चिरांमध्ये वर्तमानपत्राच्या पट्ट्या डकवल्या, बाहीचा मुंढा खाली घेतला, कमरेपाशी एक घडी घातली. एवढ्यावर थांबल्या नाहीत. उजव्या बाजूसाठी आणि डाव्या बाजूसाठी त्या दोन वेगळे कागद कापायला लागल्या.

मी शिकलेली. मी त्यांना समजावून सांगितलं की काकू, इथे इंग्रजीत लिहिलंय, कापड दुमडून एकाच कागदावर दोन्ही बाजू कापायच्या.

"लिवणाऱ्यानं तुला बगितलंय का?" काकूंनी विचारलं.

मी हसले. मनात म्हटलं, जाऊ दे, यांना वाचता येत नाही, दुखवायला नको. आज तो मोठेपणा आठवला की कानशिलं गरम होतात.

कच्चे टाके घालून काकूंनी जाकीट दोनदा अंगावर चढवून बघितलं. अस्तर त्यांनी बाहेरच्या कापडापेक्षा थोडं ढिलं ठेवलं होतं, पाठीत एक चुणी जास्तीची. मी विचारलं, हे असं का? तर म्हणाल्या, "आतलं आवळून बसलं की बाहेरचं वाकडं दिसतंय." त्यांच्या खोलीत मोठा आरसा नव्हता, पण हात वर केला तरी पाठ ओढत नव्हती आणि गळा मानेला असा बसला होता की मला उगाचच ताठ चालावंसं वाटलं.

जाकीट तयार झालं आणि मी ते घरी आणलं. आता कुणीही शहाणी मुलगी काय करेल? घालून आरशापुढे उभी राहील. मी ते पलंगावर टाकलं आणि बॅगेत भरायचं म्हणून मधोमध दुमडलं. दोन्ही खांदे एकावर एक येईनात. उजवा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली, उजव्या खांद्यात आतून जाडसर गादी भरलेली, डाव्यात काही नाही. मुंढे सारखे नाहीत, बाजूच्या शिवणी सारख्या नाहीत. माझं डोकं फिरलं. एकाच कागदावर काप म्हणून मी सांगितलं होतं ना! आई म्हणत राहिली की अगं, घालून तर बघ. मी कशाला ऐकते? जाकीट बगलेत मारलं आणि निघाले.

संक्रांत तोंडावर होती, काकूंच्या खोलीत चार बायका बसल्या होत्या. त्यातल्या एक सुमनबाई. गल्लीतल्या निम्म्या मुलींची लग्नं त्यांनी जमवली होती आणि जी जमली नाहीत त्यांची कारणंही त्यांना तोंडपाठ होती. मी फळीवर जाकीट आपटलं, दुमडून खांदे दाखवले. म्हणाले, "एक बाजू एक, दुसरी बाजू दुसरी. डोळ्यांना दिसत नसेल तर लोकांचं महागाचं कापड हातात घेऊ नये."

हे असंच्या असं म्हणाले. वाक्य सौम्य करून लिहायचा मोह झाला होता.

काकू उठल्या. जाकीट हातात घेऊन म्हणाल्या, "अंगात घाल, मंग बोल." मी म्हटलं, घालायची गरज नाही, टेप लावा आणि सगळ्यांसमोर मोजून दाखवा. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या चार बायकांकडे बघितलं. सुमनबाई मान पुढे काढून बसल्या होत्या. काकू एक वाक्य बोलल्या असत्या तर मी तिथल्या तिथे गप्प झाले असते. काकूंनी जाकिटाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "चुकलं असंल माय. आता वय झालं."

मी जिंकल्यासारखी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मी जाकीट बाजारातल्या एका मोठ्या टेलरकडे नेलं आणि दोन्ही बाजू सारख्या करून मागितल्या. त्यानं गादी काढली, उजवा खांदा उचलला, दोन्ही शिवणी जुळवल्या. मग घालायला लावलं. आरशात बघते तर डावी बाजू वर चढलेली, उजवी लोंबणारी, गळा तिरका. अगदी त्या चार दुकानांतल्या जाकिटांसारखं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. टेलर मागे झाला, डोळे बारीक केले आणि मोठ्यानं म्हणाला, "ताई, जाकिटात नुक्स नाही, तुमच्यात आहे. उजवा खांदा उतरलेलाय. आधीच्यानं लय दिमाग लावून शिवलं होतं. तुम्ही बिघडवून घेतलं."

तेविसाव्या वर्षी मला माझा खांदा पहिल्यांदा दिसला. आणि त्याच क्षणी काकूंचं ते बायकांकडे बघणंही कळलं. लग्नाच्या मुलीचा खांदा सुमनबाईंसमोर वाकडा ठरवायचा की स्वतःचा हात वाकडा ठरवायचा, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि तो त्यांनी क्षणात सोडवला होता.

तिथून काकूंचं घर चालत दहा मिनिटांवर. मी गेले नाही. दिल्लीला मुलाखतीत जाकीट मांडीवर ठेवून बसले, थंडीनं दात वाजत होते, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पण वाजत वाजतच दिली. निवड झाली नाही. परत आले तरी गेले नाही. परभणीतच ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. वर्षभरात लग्न ठरलं, तेही सुमनबाईंच्याच भाच्याशी. त्या माझ्या आतेसासू झाल्या आणि मीही त्यांना आत्या म्हणायला लागले. लग्नाचे ब्लाउज काकूंकडेच टाकू म्हणून आई मागे लागली. मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, म्हणून मी नको म्हटलं आणि सगळे बाजारातून शिवून घेतले. गल्लीनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. खुद्द नवरीच तिथे टाकत नाही म्हटल्यावर बाकीच्या कशाला टाकतील?

हळूहळू भिंतीवरचे कागद उतरले. पुढे कळलं की काकू शाळेच्या गणवेशाचं ठोक काम घेतात. एकाच मापाचे फ्रॉक, तयार कापून आलेले, नुसती शिलाई मारायची. जिनं दोन बायकांना कधी एक कागद लावला नाही, ती बाई एका मापाच्या ढिगात बसलेली मी एकदा ऑटोतून बघितली आणि मान दुसरीकडे वळवली.

गेले अखेर सहा वर्षांनी. दुपारची वेळ धरून, कुणी नसेल असं बघून. काकू काजं करत होत्या. मी सगळं सांगितलं, रडले, पाया पडले. काकूंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "तू घालून न बगताच आलीस, हे मला तवाच कळलं व्हतं. पोरीच्या जातीचं माप चारचौघीत सांगत नसतेत." मग सुईत दोरा ओवत सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्या दिशी चौघी व्हत्या बसलेल्या. आज कोनी न्हाई."

त्यात टोमणा नव्हता. मला तो लागला ही गोष्ट वेगळी. मी म्हटलं, काकू, मी त्या चौघींना जाऊन सांगते, आत्यांपासून सुरुवात करते. काकूंनी मान हलवली. "नको. आता ते तुझं घर हाय. कशाला खांदा दाखवायलीस?"

हे ऐकून मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं. माझ्या हातून घडलेल्या सगळ्यात त्या बरं वाटण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. अपमान रागाच्या भरात केला होता, ही सुटका मात्र मी शांत डोक्यानं घेतली.

काकूंचे यजमान गेले तशी त्यांची मुलगी त्यांना गंगाखेडला घेऊन गेली. मी एकदाच भेटून आले. माझ्या कुर्त्याकडे बघून त्यांनी उजव्या खांद्यापाशी दोन बोटांनी कापड उचललं, पुन्हा सोडलं आणि चहा टाकायला उठल्या. मागच्या महिन्यात त्या वारल्याचा फोन आला.

आत्या त्या दिवशी आमच्याकडे आलेल्या होत्या. मी, नवरा आणि त्या जेवायला बसलो होतो. बातमी ऐकून आत्या हळहळल्या. म्हणाल्या, बाई लाखात एक होती, पण शेवटी हात चुकायला लागला होता, तुझं जाकीटच नव्हतं का वाकडं केलं? बारा वर्षं मी अशा वेळी खाली बघत आले होते. त्या दिवशी घास हातात राहिला आणि मी म्हटलं, "आत्या, जाकीट बरोबर होतं. माझा उजवा खांदा उतरलेला आहे. त्यांनी माझ्यासाठी चूक अंगावर घेतली."

आत्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "खांद्याचं तर आमाला ठावंच हाय की. हळदीच्या दिशी पाटावर बसलीस तवाच दिसला. त्याच्यात काय मोठं?"

नवरा म्हणाला, त्यालाही माहीत होतं.

आत्यांचं जेवण थांबलं. मग त्या म्हणाल्या, "मंग तिचं चुकलंच नव्हतं म्हण की. मी तर लय जनींना सांगत फिरले का तिचा हात गेला म्हणून. तू कामून बोलली न्हाईस गं?"

मी हातातला घास ताटात ठेवला. मला लाज वाटली, एवढंच उत्तर होतं, पण ते काकूंच्या कानावर पडायला हवं होतं, आणि तेसुद्धा त्या चौघी बसलेल्या असताना.