ऐकू न आलेली शिट्टी

लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "मुलगा नेमकं करतो काय?" त्यावर त्याच्या थोरल्या भावाने अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं, "बटणं दाबतो." सासरे सज्जन होते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही आणि लग्न झालं.

भावाचं काही चुकलं नव्हतं. बटणं दाबूनच तो संगीत करायचा. ना गायक, ना वादक. ढोल, तार, बासरी आणि ज्यांना अजून कुणी नावही दिलेलं नाही असे आवाज, सगळं एका कॉम्प्युटरमधून आणि एका जुन्या कीबोर्डमधून निघायचं. घरातल्या सर्वांत लहान खोलीत, जिथे इतर लोक बॅगा आणि मोडके पंखे ठेवतात तिथे, त्याने भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या. विटांवर दोन स्पीकर उभे केले होते. खिडकी कायमची बंद. उन्हाळ्यात आतून बाहेर आला की माणूस अंघोळ करून आल्यासारखा दिसायचा. इमारतीतली पोरं त्याला ढिंच्याककाका म्हणायची. त्याला ते आवडत नसे, पण पोरांना कोण सांगणार?

कुठल्या कंपनीत नाही, डोक्यावर साहेब नाही. स्वतंत्र धंदा. स्वतंत्र म्हणजे काय, तर आजारी पडलात तर रजा द्यायला कुणी नाही आणि काम चांगलं झालं तर पाठ थोपटायलाही कुणी नाही. दुकानांच्या जाहिराती, मोबाईलवरचे खेळ, व्यायामाचे व्हिडिओ, जे मिळेल ते तो करायचा. एका लिफ्टवाल्यांसाठी त्याने मजला आल्यावर वाजणारे तीन सूर केले होते. त्या लिफ्टमध्ये शिरला की सूर वाजल्यावर तो लोकांच्या तोंडाकडे बघत राहायचा. लोक अर्थातच आपापल्या मजल्यावर उतरून जायचे.

पण घर चालायचं ते नाचाच्या क्लासवर. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई, सगळे त्यांना ताई म्हणत, लाकडी जमिनीच्या एका हॉलमध्ये लहान मुलांना नाच शिकवायच्या. दर सहा महिन्यांनी त्या त्याच्याकडून सहा नवी गाणी घ्यायच्या. दहा वर्षं हे चाललं होतं. बाकीची कामं आली तर आली, नाही तर नाही. ताईंचं काम मात्र ठरलेलं, आणि त्याच्या जोरावर तो बाकीच्या ग्राहकांशी जरा ताठ मानेनं बोलायचा.

ताठ मानेचं दुसरं कारण म्हणजे त्याचे कान. माणूस भारी तिखट कानाचा. एकदा शेजाऱ्याच्या घरी चहा पिताना त्याने वर बघून सांगितलं होतं की हा पंखा आठ दिवसांत बसणार. तो सहाव्या दिवशीच बसला. तेव्हापासून पंखा घेताना शेजारी त्याला दुकानात घेऊन जायचे. त्याच्या कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख दिसायची सोय होती. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. तो आलेख त्याने कधी उघडला नाही. "आलेख बघून संगीत करायचं म्हणजे वजनकाटा घेऊन जेवायला बसायचं," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

तर सोमवारी सकाळी ताईंचा फोन आला.

"दादा, तुमच्या नव्या गाण्यांचं काहीतरी बघा हो. पोरं नाचतच नाहीत."

"नाचत नाहीत म्हणजे?"

"कानात बोटं घालून उभी राहतात. मी रागावले, एकीला कोपऱ्यात उभं केलं, ती रडली. दोघांच्या आया कालपासून पाठवत नाहीयेत मुलांना. मला तर गाण्यात काही वावगं वाटत नाही. पण शुक्रवारपर्यंत काय ते करा. नाहीतर मला दुसरीकडून घ्यावी लागतील. वाईट नका वाटून घेऊ."

वाईट नका वाटून घेऊ म्हटलं की माणसाला हमखास वाईट वाटतं. त्यातून ती सहा गाणी त्याने जीव ओतून केली होती. हल्लीच्या पोरांना चांगलं संगीत कळत नाही, असं तो दुपारपर्यंत म्हणत होता. दुपारनंतर त्याला शुक्रवार दिसायला लागला.

मंगळवारी तो हॉलवर गेला. चौदा पोरं रांगेत उभी होती. ताईंनी गाणं लावलं आणि एका क्षणात अठ्ठावीस हात कानांवर गेले. ताईंनी बंद केलं, हात खाली आले. आवाज कमी करून लावलं, पुन्हा हात वर. त्याला वाटलं, ढोल जास्त झाला असेल. त्याने दोन वेण्या घातलेल्या एका मुलीला विचारलं, "काय होतं गं? मोठा आहे का आवाज?"

"शिट्टी वाजते."

"कुठे?"

"गाण्यात. सारखी. आधीच्या गाण्यांत पण होती, पण बारीक होती. ही खूपच मोठी आहे."

त्याने स्पीकरला कान लावला. ढोल होता, तार होती, त्याने मोठ्या प्रेमाने एकावर एक रचलेले कीबोर्डचे आठ थर होते. शिट्टी नव्हती. त्याने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली, "मला पण नाही येत बाई ऐकू."

मुलं खोडसाळपणा करत असतील, असं त्याने मनाला समजावून बघितलं. पण चौदा पोरांचं एका गोष्टीवर कधी एकमत होतं का? त्यांना भूक लागली आहे का विचारलं तरी पाच जण नाही म्हणतात. परतताना त्याची पाचावर धारण बसली होती.

घरी येऊन त्याने जन्मात पहिल्यांदा तो आलेख उघडला. गाण्याच्या डोंगरदऱ्या सगळ्या जागच्या जागी होत्या. आणि त्यांच्या पार उजवीकडे, बारीक आवाजांच्या टोकाला, एक सुईसारखी उभी रेघ होती. गाणं पुढे जात होतं, डोंगर वरखाली होत होते, रेघ हलत नव्हती. त्याने बाकी सगळं बंद केलं आणि फक्त तेवढीच रेघ ठेवली. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला, शेवटापर्यंत नेला. खोलीत शुकशुकाट. त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं. बायको कामावरून आली होती. ती एका ग्रंथालयात होती. तिसऱ्या कपाटामागे कुणी कुजबुजलं तरी तिला टेबलावर बसून कळायचं. ती आत आली, तिच्या हातातली पिशवी खाली पडली आणि तिने दोन्ही कान गच्च दाबले.

"अहो, बंद करा ते! डोकं फुटेल माझं!"

त्याने बंद केलं. खोली आधी जशी होती तशीच राहिली. निदान त्याच्यासाठी.

"तुला येते ऐकू?" त्याने विचारलं.

"येते म्हणजे काय? दोन वर्षं येते आहे."

"दोन वर्षं?"

"तुमच्या गाण्यांत असतेच की ती. पूर्वी नव्हती. आज एवढी मोठी कशाला लावलीत?"

"मग बोलली का नाहीस?"

ती पिशवीतून सांडलेली लिंबं गोळा करत होती. "मला वाटलं, मुद्दाम घातली आहे," ती म्हणाली. "तुमच्यातलं काहीतरी असेल."

"दोन वर्षं तुला त्रास होत होता आणि तू..."

"मी कशाला बोलू? लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा बोलले होते. एक गाणं ऐकवलं होतं तुम्ही, मी म्हटलं, मधे जरा रेंगाळतंय. तुम्ही म्हणालात, तुझं काम पुस्तकांवर शिक्के मारायचं आहे, ते तू कर."

हे ती रागाने बोलली नाही. भाजी आणली आहे, असं सांगावं त्या सुरात बोलली. त्याला तर तो प्रसंग आठवतही नव्हता. बोलणारा विसरतो. ज्याला लागतं तो विसरत नाही, एवढंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत झाली होती त्याची, आणि कळशाचं तोंड त्यानेच बूच लावून बंद केलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सॉरी म्हणायला तोंड उघडेना, म्हणून तो खाली वाकून टेबलाखाली गेलेलं एक लिंबू शोधत बसला.

बुधवारी त्याने कानांची तपासणी करून घेतली. काचेच्या खोलीत बसवून त्याच्या कानांना हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला तो भराभर दाबत होता. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही, आणि काचेपलीकडची मुलगी मात्र कागदावर खुणा करत राहिली.

"वरचे बारीक आवाज गेलेत," ती आत येऊन म्हणाली. "वय आहे, आणि हेडफोन खूप वापरत असाल. ते परत येणार नाहीत. पण काळजी करू नका, रोजच्या बोलण्याला काही अडचण नाही. काम काय करता तुम्ही?"

सत्तेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

"बटणं दाबतो," तो म्हणाला.

"मग काहीच प्रश्न नाही," मुलगी म्हणाली.

शिट्टीचं मूळ सापडायला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी कीबोर्डचा अडॅप्टर जळला होता तेव्हा त्याने जुन्या बाजारातून एक स्वस्तातला आणला होता. शिट्टी त्याची होती. कीबोर्डचा एक थर असला की बारीक. यावेळी साहेबांनी आठ थर रचले होते. रेघ गाण्यातून कापणंही अवघड नव्हतं. अवघड होतं ते कापली गेली की नाही हे कळणं. आलेखावर रेघ गेली तरी तिच्या आजूबाजूला बारीक बारीक कोंब उरत होते, आणि फार कापलं तर गाण्याचा जीवच जात असेल का, हेही त्याला ऐकू येण्यासारखं नव्हतं.

बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळी बायको कामावरून आल्यावर त्याच्या मागे स्टुलावर बसली. तो बटण फिरवायचा, ती सांगायची.

"आहे. आहे. अजून आहे. आता कमी झाली. गेली... थांबा, आता सगळंच कोंदट झालं. खोकल्याच्या औषधासारखं. थोडं मागे या. हां. तिथे ठेवा."

तो तिथे ठेवायचा. त्याला सगळं एकसारखंच वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या शब्दावर गाणं पुरं करत होता.

शुक्रवारी तो स्वतः पेनड्राइव्ह घेऊन गेला. ताईंनी गाणं लावलं. पोरांनी सवयीने हात अर्ध्यापर्यंत उचलले. कोपरं वाकलेली, बोटं तयार. हात तसेच थोडा वेळ थांबले. मग वेण्यांवालीने हात खाली सोडले आणि शेजारणीकडे बघितलं, शेजारणीने सोडले, आणि चौथ्या ठोक्याला सगळी रांग नाचायला लागली. तो भिंतीला टेकून उभा होता. मंगळवारी जे वाजलं होतं, हुबेहूब तेच आज ऐकू येत होतं त्याच्या कानांना. काही फरक नाही. फरक फक्त समोर नाचत होता. त्याला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं असं म्हणता येणार नाही.

"काय झालं होतं हो?" ताईंनी विचारलं.

उत्तर त्याने रिक्षातच तयार करून ठेवलं होतं. अडॅप्टर खराब होता. खोटंही नव्हतं ते, आणि तेवढ्यावर ताईंचं समाधान झालं असतं.

"अडॅप्टर खराब होता," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण मला ते ऐकू आलं नाही, ताई. दोन वर्षं नाही आलं. माझ्या कानांचा वरचा मजला गेलाय. आता परत येत नाही म्हणे."

ताई पोरांकडेच बघत म्हणाल्या, "मग हे कसं केलंत?"

"बायकोने ऐकलं."

"हं," ताई म्हणाल्या. "मग पुढची सहापण तिने ऐकल्याशिवाय पाठवू नका." आणि त्या रांगेतल्या एकाचा डावा पाय सरळ करायला निघून गेल्या.

तो घरी आला तेव्हा बायको येऊन टेकली होती. चप्पलसुद्धा काढली नव्हती तिने. "नाचली का पोरं?" तिने विचारलं.

"नाचली. काम राहिलं."

"बरं झालं," म्हणून ती उठली. तो दारातच उभा राहिला.

"ऐक ना," तो म्हणाला. "शिट्टी सोडून... आणखी काय काय ऐकू येतं तुला माझ्या गाण्यांत? जे तू बोलली नाहीस."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. हा माणूस खरंच विचारतो आहे का, एवढंच तिला बघायचं असावं. एकोणीस वर्षं झाली होती लग्नाला.

"सगळं सांगू?"

"सगळं."

तिने चप्पल काढली, रजयांच्या खोलीत गेली आणि स्टूल बाजूला सारून त्याच्या खुर्चीवर बसली.

"मग पहिल्या वर्षापासून लावा," ती म्हणाली. "आणि मधे बोलायचं नाही."

त्याने स्टूल ओढलं, तिच्या मागे बसला आणि लावलं.